पाठीवर लिहिलेली मुलगी

पाठीवर कोरा कागद टाचला तेव्हा मी नववीत होते आणि मला गुदगुल्या होत होत्या.

खेळ असा होता. व्यक्तिमत्त्व विकासाच्या तासाला बाहेरून एक बाई आल्या होत्या. रेशमी साडी, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा आणि आवाज असा मऊ, जणू आम्ही सगळे तापाने फणफणलोय. त्यांनी प्रत्येकाच्या पाठीवर एक कागद पिनेने लावला. वर्गभर फिरायचं आणि समोरच्याच्या पाठीवर त्याचा एक चांगला गुण लिहायचा. स्वतःचं नाव घालायचं नाही. मग एकेकाने पुढे येऊन आपला कागद मोठ्याने वाचायचा आणि शेवटी हात पसरून म्हणायचं, ‘हा मी!’ किंवा ‘ही मी!’

पाठीवर पेन्सिली टोचत होत्या. मी मोजत होते. अकरा. माझ्याबद्दल अकरा जणांना काहीतरी सुचलं होतं.

आता त्या वर्गात मी कोण होते, ते सांगते. शाळा पेठेतली, नावाजलेली. माझी आई तिथे मावशी होती. म्हणजे वर्ग झाडायची, घंटा द्यायची, शिक्षकांना चहा न्यायची. म्हणून माझी फी माफ. धायरीहून आम्ही दोघी एकाच बसने यायचो आणि फाटकाशी वेगळ्या व्हायचो. आत मी तिला आई म्हणत नसे. तिनेच बजावलं होतं. सगळे मावशी म्हणतात, तूही म्हण. आणि मी म्हणायचे.

भीती कायम असायची. जोरात हसले तर? उत्तर चुकलं तर? बरोबर आलं तर? काहीही झालं तरी आईचं काम जाईल, असं वाटायचं. म्हणून त्या वर्गापुरती मी एक वेगळीच मुलगी तयार केली होती. तिसऱ्या बाकावरची. मान खाली. विचारल्याशिवाय न बोलणारी.

खरी मुलगी धायरीत राहायची. संध्याकाळी नळावर बायका जमल्या की ती पालथ्या बादलीवर चढून अख्खी शाळा करून दाखवायची. मुख्याध्यापिकांची चाल, गणिताच्या सरांचं नाक ओढणं, सगळं. बायका हसता हसता भरलेले हंडे सांडायच्या.

मुलं वाचू लागली. कुणी ‘लीडर’ निघाला, कुणी ‘डॅशिंग’. एकाच्या कागदावर ‘नालायक पण भारी’ निघालं, तेव्हा पाहुण्या बाईसुद्धा हसल्या. मग माझी पाळी आली. मी कागद आधी मनातच वाचला.

कामसू. प्रामाणिक. स्वच्छ असते. गरीब स्वभावाची. उलट बोलत नाही. सांगेल ते करते. प्रामाणिक, आणखी चारदा. आणि सगळ्यात खाली, गोलगोल सुंदर अक्षरात, शेजारी एक फूल काढून: अगदी मावशींसारखी.

हे शब्द माझ्या ओळखीचे होते. घरकामाला बाई हवी असली की एकमेकींना असंच सांगतात. अकरा जणांनी मिळून मला कामाला लावलं होतं.

कुणी वाईट मनाने लिहिलं नव्हतं. म्हणून तर मी घाबरले. वाईट लिहिलं असतं तर संध्याकाळी नळावर एकेकाला सोलून काढलं असतं. हे प्रेमाने लिहिलं होतं आणि खोटंही नव्हतं. ही मुलगी मीच घडवली होती. आणखी दोन वर्षं तिला वागवलं असतं तर बादलीवरची मुलगी उरली नसती. तेव्हा मला हे असं नीट समजलं नाही. एवढंच समजलं, की हा कागद मोठ्याने वाचला की संपलं.

‘वाच ना राजा,’ बाई म्हणाल्या. ‘लाजतेस काय? किती गोड लिहिलंय.’

त्याच वेळी दार उघडून आई त्यांचा चहा घेऊन आत आली.

‘ही मी नाही,’ मी म्हणाले.

‘मग कोण आहेस तू?’

इथे शहाणी मुलगी रडली असती. मी नसलेला चष्मा गळ्यातून उचलून नाकावर ठेवला, मान कलती केली आणि बाईंच्याच मऊ आवाजात म्हणाले, ‘मुलांनो, डोळे मिटा. आता स्वतःला घट्ट मिठी मारा. सोडू नका हं, पळून जाल.’

वर्ग फुटला. बाकं वाजली. दाराशी आईच्या ट्रेमधली कपबशी खडखडत होती. बाईंचा चेहरा उतरला. मला इतका आनंद झाला आणि इतकी भीती वाटली, की कुठलं काय ते कळेना.

दहा मिनिटांत आम्ही मायलेकी मुख्याध्यापिकांसमोर. आईने हात जोडले. ‘ल्हान हाय बाई ती. चुकलं तिचं.’

मुख्याध्यापिका आवाज कधी चढवत नसत. ‘अहो मावशी, हिला आपण शिकायला घेतलंय. करमणुकीची सोय आहे आमच्याकडे.’ उद्या प्रार्थनेनंतर हिने माइकवर माफी मागावी, असं त्यांनी सांगितलं. नाही मागितली तर फी माफीचा विचार करावा लागेल. आणि मावशींच्या कामाचाही.

धायरीला बसमधून उतरल्यावर आई म्हणाली, ‘माग माफी. माज्यासाठी माग.’

सकाळी मी माइकसमोर उभी राहिले. पुढे अख्खी शाळा, कडेला आई. गुडघे एकमेकांवर आपटत होते, अगदी खरोखर. माइकमधून त्यांचा आवाज जातोय की काय, अशी शंका आली. तोंड उघडेपर्यंत मी माफीच मागणार होते. वाक्य पाठ होतं.

‘काल मी नक्कल केली,’ मी म्हणाले. ‘ती चांगली झाली होती. तिच्यासाठी मी माफी मागणार नाही.’

कुणीतरी माइक बंद केला.

आईचं काम राहिलं, माझी शाळा गेली. पुढच्या महिन्यापासून मी महापालिकेच्या शाळेत. आई मात्र आणखी बारा वर्षं त्याच फाटकातून आत जात राहिली, माझ्यामुळे खाली मान घालून. त्यावरून तिने मला कधी बोल लावला नाही. माफही केलं नाही. मीही तिची माफी मागितली नाही. मागितली असती तर माइकवरचं वाक्य परत घेतल्यासारखं झालं असतं.

आता पन्नाशीला टेकले. नाट्यगृहांत एकटी दोन तास नकला करते. पडदा उघडायच्या आधी आयोजक विंगेत येतात आणि हळूच म्हणतात, ‘ताई, पुढच्या रांगेत मोठी माणसं बसलीयेत. जरा सांभाळून घ्याल ना?’

भीती वाटते. अजूनही, दर वेळी.

‘नाही घेणार,’ मी म्हणते, आणि पडदा उघडायला सांगते.