लाल वायर, लाल भोक, लाल बटण

गेल्या मार्गशीर्षातला दुसरा रविवार, दुपारचे चार. स्थळ : आमचा विद्यानगरचा फ्लॅट. रक्कम : पंधराशे रुपये. उपस्थित : मी, पत्नी अपर्णा, तिचा धाकटा भाऊ नितीन आणि माझी आई. आईला त्या दिवशी ऐंशी वर्षे पूर्ण झाली होती.

पंधराशे ही होम थिएटरच्या जोडणीची मजुरी, आणि ती मी वाचवणार होतो. (होम थिएटरला बत्तीस हजार चारशे पडले होते. त्यावर पंधराशे म्हणजे साडेचार टक्क्यांहून जास्त!)

नितीन इथे आयटीत आहे. तो आठवडाभर सांगत होता, "भाऊजी, माझ्या ओळखीचा रफीक आहे. अर्ध्या तासात लावून देईल."

"नितीन, तीस वर्षं मी हिशेबखात्यात काढली आहेत. डब्याला मागे चौदा भोकं, आपल्याकडे नऊ वायरी. यात न समजण्यासारखं काय आहे?"

टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, डीव्हीडी प्लेअर, अपर्णाचा फोन आणि माझ्या वडिलांचा जुना टेपरेकॉर्डर, अशी पाच यंत्रे त्या एका डब्याला जोडायची होती. मी प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. शिवाय एक सोपे तत्त्व ठरवले होते : पांढरी वायर पांढऱ्या भोकात, लाल वायर लाल भोकात. रंगाला रंग जुळला की चूक होणे शक्य नाही.

सगळा खटाटोप होता त्या टेपरेकॉर्डरसाठी. चाळीस वर्षांपूर्वी इथल्याच काचीगुड्याच्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात आई गायली होती. वडिलांनी ते कॅसेटवर उतरवून घेतले होते. त्या कॅसेटची दुसरी प्रत नाही. हल्ली आईला ऐकू कमी येते, म्हणून वाढदिवसाला तिने एवढेच मागितले होते, "माझी ती कॅसेट एकदा मोठ्या आवाजात ऐकव." पाच वाजता बावीस पाहुणे येणार होते.

कॅसेट मी चार दिवस आधीच कापसाने पुसून ठेवली होती. तिच्या कडेची एक प्लास्टिकची चिमुकली पट्टी तुटलेली दिसली. आत धूळ जायला नको, म्हणून त्या भोकावर मी नीट मापाने कापून चिकटपट्टी लावली. (माझी काळजी ही अशी असते!)

चार वाजून पाच मिनिटांनी मी टेपरेकॉर्डरचे बटण दाबले. चाके फिरू लागली. आवाज शून्य.

"चालू केलात का?" अपर्णाने विचारले.

"चाकं फिरताहेत ना?"

"मग ऐकू का येत नाही?"

"भाऊजी, डबा टीव्हीवर लावलेला असेल. टेपवर घ्या," नितीन म्हणाला.

"मला कुणी शिकवू नका!" मी म्हणालो. सगळ्या वायरी क्रमांकाने तपासल्या. बरोबर. मग टेपरेकॉर्डरकडे पाहिले. बटणांवरची अक्षरे केव्हाच पुसली गेली होती, पण एक बटण ठळक लाल होते. लाल वायर, लाल भोक, म्हणजे लाल बटण! मी कॅसेट पुन्हा सुरुवातीला नेली आणि चालू बटणासोबत तेही दाबले. चाके पुन्हा फिरू लागली. आवाज मात्र तरीही नाही.

यानंतर नितीन आणि मी अकरा मिनिटे चर्चा केली. (शेजारचे रेड्डीसाहेब दार उघडून "एमैंदंडी?" म्हणजे काय झाले म्हणून विचारून गेले, एवढीच मोठ्याने.) त्या भरात नितीनने डब्याचे कुठलेसे बटण दाबले आणि पाचही स्पीकर एकदम कडाडले, "काय गं, नवऱ्याने पंधराशे वाचवले का?"

ही अपर्णाची पुण्याची बहीण शुभा. अपर्णाने फोन उचलला होता आणि तो बिनवायरीने डब्याला जोडला गेला होता.

"शुभा, हळू!"

"हळू कशाला? तो माणूस टूथपेस्टची नळी कात्रीने कापून वापरतो, हे काय गुपित आहे?"

अपर्णा फोन घेऊन स्वयंपाकघरात पळाली. शुभा मात्र दिवाणखान्यातच बोलत राहिली. बिनवायरीच्या यंत्राला चिठ्ठी कुठे लावायची, याची तरतूद माझ्या योजनेत नव्हती.

चार पंचवीसला मी टेपरेकॉर्डरचा प्लग उपटला आणि नितीनला शरण गेलो. पावणेपाचला रफीक आला. त्याने डब्यावर एक बटण दाबले, दोन वायरी बदलल्या आणि चार मिनिटांत बाकीची चारही यंत्रे बोलू लागली. मग त्याने टेपरेकॉर्डरच्या अजून दाबलेल्या लाल बटणाकडे पाहिले आणि हळूच विचारले, "साब, ये लाल बटन कायकू दबाए?"

"आवाज नै आ रहा था."

"लाल बटन से आवाज आता नै साब, जाता! पुराना मिटता, नया भरता." त्याने कॅसेट बाहेर काढली. "और ये पट्टी कौन चिपकाया? इसके नीचे का प्लास्टिक तोड के रखे तो लाल बटन दबताच नै."

म्हणजे वडिलांनी ती प्लास्टिकची पट्टी मुद्दाम तोडली होती. चाळीस वर्षे शाबूत राहिलेली कॅसेट मी धुळीपासून वाचवली होती!

एव्हाना पाहुणे आले होते. आई नवे लुगडे नेसून मधल्या खुर्चीत बसली होती, पदर सारखा करत होती.

"लाव रे सुधीर," ती म्हणाली.

रफीकने कॅसेट सुरुवातीला नेली आणि बटण दाबले. पाचही बाजूंनी मी गरजलो, "हिशेबखात्यात तीस वर्षं काढली आहेत मी!" मग नितीन. मग पुन्हा मी. मग शुभा, टूथपेस्टसह. पाहुणे डोळे पुसत हसत होते. मी घड्याळाकडे पाहत होतो. नऊ मिनिटे. दहा. अकरा. खट्ट!

"...आणि एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो," एक अनोळखी पुरुषी आवाज म्हणाला. टाळ्या. पेटीचा सूर. आणि आई गाऊ लागली.

दोन गाणी झाली. आईने डोळे उघडले.

"आई," मी म्हणालो, "सुरुवातीचं पुसलं गं माझ्याकडून."

"ते अध्यक्षांचं भाषण होतं. त्याच्यापायी माझं तिसरं गाणं कापलं होतं त्यांनी. चाळीस वर्षांनी का होईना, कुणीतरी त्यांना गप्प केलं!"

तिने तिथेच रफीकला कॅसेट पेन ड्राइव्हवर उतरवायला सांगितली.

"हौ अम्मा. शुरू में साब चिल्ला रहे, वो काट दूं? दो सौ जास्ती होते."

मी ताबडतोब दोनशे काढले. आईने हाताने मला थांबवले आणि कमरेची पिशवी सोडली.

रफीक यांस एकूण अदा : जोडणीचे पंधराशे, माझ्याकडून. पेन ड्राइव्हचे पाचशे, माझ्याकडून. आणि माझा आवाज न कापण्याचे तीनशे, आईकडून.