मुरुगनचं बारसं
घुगऱ्या शिजल्याचा वास आला की विट्यातलं ते बारसं आठवतं. भावाचं मदुराईला सोनं गाळायचं दुकान, म्हणून बाळाला नावही तिकडचंच ठरवून आला होता, मुरुगन. आत्या म्हणून मी पाळण्यावर वाकले, तेवढ्यात चुलतीनं नावाचा अर्थ विचारला. "आपला कार्तिकस्वामीच की," भाऊ म्हणाला. चुलतीनं तोंडाला पदर लावला. "आरं, ब्रह्मचारी देव त्यो. बाईमाणसानं त्याचं तोंड बघायचं नसतंय." भाऊ गोंधळला. "तिकडं तर त्याला दोन बायका हायत." पाळण्याकडं बघावं की नको, बायकांना कळेना. मी घाबरून बाळाच्या कानात नाव न घेताच नुसतं 'कुर्र' केलं आणि मागं सरले. आता मिसरूड फुटलेला मुरुगन फोनवर विचारतो, "आत्ते, माझं नाव तूच ठेवलंस न्हवं?" मी म्हणते, "आवाज तुटतोय रं."