डिंकाने निवडलेली दिशा

आमच्या प्रयोगशाळेत निष्कर्षाच्या आधी पेढे येत. एरवी सर चहाची पावडरसुद्धा कुलपात ठेवत, पण पेपर छापून येण्याची नुसती चाहूल लागली की त्यांचा हात सैल सुटे.

माझ्या प्रबंधाचं मुख्य प्रकरण एका कागोमे धातूवर होतं. त्यात अणू त्रिकोण-षटकोनांच्या जाळीत बसतात, टोपलीच्या विणीसारखे. जाळीच्या तिन्ही दिशा सारख्या. खूप थंड केलं की इलेक्ट्रॉनांचा भार एका ठरावीक नक्षीत बसतो. तेव्हा तीनपैकी एक दिशा वेगळी पडते का, हा प्रश्न. माझ्या मोजणीत पडली. सरांनी "सममिती मोडली!" म्हणत अख्ख्या विभागाला पेढे चारले.

मला शंका होती डिंकाची. स्फटिक आम्ही तांब्याच्या पट्टीवर परदेशी, महागड्या डिंकाने चिकटवत होतो. गारठल्यावर तो स्फटिकाला ओढणारच. म्हणून मी स्फटिक सोडवला आणि फिरवून पुन्हा चिकटवला. वेगळी दिशा त्याच्याबरोबर फिरायला हवी होती. ती पट्टीलाच धरून राहिली. मग एकाच टोकाला टेकवून मोकळा ठेवला, तर तिन्ही दिशा सारख्या. म्हणजे दिशा डिंकाने निवडली होती.

आलेख सरांपुढे ठेवले. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही.

"अहो, पेढे वाटून झालेत."

"पण सर, हे चूक आहे."

"मग काय, परत मागू?"

असल्या माणसाला मी इतकी वर्षं सर म्हटलं, याची मला शिसारी आली. पेपरातून माझं नाव मी काढायला लावलं. त्यांनी माझ्या प्रकरणावर सही केली नाही. ते प्रकरण गेलंच. दुसऱ्या मार्गदर्शकांकडे दुसराच विषय घेऊन कसाबसा प्रबंध संपवला. आता लोणी काळभोरच्या एका कॉलेजात शिकवते.

परवा सरांच्या व्याख्यानाला मुद्दाम गेले. तीच आकृती, आणि ती वेगळी दिशा म्हणजे म्हणे "निसर्गाचा कौल". पुढच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, "सर, स्फटिक फिरवून पाहिला होता का?"

"पाहिला होता ना," सर हसले. "आमच्या एका विद्यार्थिनीने. पण तिचे हात थरथरायचे हो. ती काय मोजणार!"

सभागृह हसलं. मी मागच्या रांगेतून हात वर केला. आयुष्यात पहिल्यांदाच तो खरंच थरथरत होता.