लाऊकाकांचं लाल नाव

लाऊकाका शिरोरेघ आधी ओढायचे आणि मग तिला एकेक अक्षर लटकवायचे. कॅनडात, रेजिनातल्या आमच्या मंडळाचा गणपतीचा बॅनर ते रंगवत असताना मी म्हटलं, "अहो काका, रेघ शेवटी!" तर म्हणाले, "आधी छप्पर, उषा. माणसं मग येतात." आमच्या शेजारचा हा हाँगकाँगचा म्हातारा. उभी हयात दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेलेली. अक्षर चीनमधल्या प्राचीन शिलालेखांच्या वळणाचं, छिन्नीनं तोडल्यासारखे कोपरे, गोलाई औषधालाही नाही. आमचा 'श्री' तसाच उतरला. मंडळात कुरकुर झाली, "गणपती आहे की किल्ला?" मला मात्र तो फार आवडला.

पुढे काकू गेल्या. त्यांच्या कबरीवरचं नाव आपणच लिहून द्यायचं आणि कारागिरानं ते दगडात कोरायचं, असा काकांचा हट्ट. पण तोवर पार्किन्सन्सनं उजवा हात धरला होता. मुलगी विनी काकुळतीला आली, "डॅड, प्लीज, कॉम्प्युटरवरून करू ना." काका भडकले. "जन्मभर जगाच्या पाट्या रंगवल्या, आणि हिचं नाव मशीन लिहिणार?"

बेसमेंटमध्ये फुकट गेलेल्या कागदांचा ढीग साचला. एकदा ब्रश भिंतीवर भिरकावून ते ढसाढसा रडले. मी आपला चहा टाकला.

काही दिवसांनी त्यांनीच मला हाक मारली. समोर एका जुन्या शिलालेखाचा कागदावर घेतलेला ठसा होता. रेघा झिजलेल्या, कडांचे टवके उडालेले. "बघ, ऊनपावसानं दगडाचीसुद्धा रेघ थरथरते. माझी का नको?" त्या दिवसापासून त्यांनी हात आवरणं सोडलं. काकूंचं नाव कापऱ्या, तुटक कडांनी उतरलं, शेजारी स्वतःचंही. कारागिरानं कडा साफ करू का विचारलं, तर त्याच्या अंगावरच धावून गेले.

काकूंचं नाव सोनेरी झालं, काकांचं लाल. जिवंत जोडीदाराचं नाव लाल ठेवायची त्यांच्याकडे रीत. दर वर्षी बर्फ वितळलं की मी त्यांना राइड द्यायची आणि ते उडालेला लाल रंग पुन्हा भरायचे. "अजून आहे मी," म्हणून हसायचे. मला भारी राग यायचा. आपल्याच कबरीवर काय हसायचं!

एका हिवाळ्यात काकाही गेले. बर्फ वितळल्यावर मी आणि विनी लाल काढून सोनेरी भरायला गेलो. विनीच्यानं होईना, म्हणून सुरी मी घेतली. वरवरचा रंग सुटला, पण त्या कापऱ्या कडांच्या खाचांत लाल घट्ट रुतून बसला होता. मी खरवडत राहिले. विनीनं माझा हात धरला. "आंटी, लीव्ह इट."

मी वरूनच सोनेरी फिरवला. जवळ गेलं की लाल अजून दिसतो.