बारावी शाल

हिंदी मुलखातल्या एका शहरात, खासगी बाजार नावाच्या पेठेतल्या त्या खोलीत सत्काराच्या अकरा शाली होत्या. अकरा नारळांच्या वड्या करून केव्हाच खाऊन झाल्या होत्या. नव्हता तो फक्त एकतीस मार्चनंतरचा गरिमाचा पगार.

दारावर पाटी होती : 'फोनवरून फसवणूक? आत या. मोफत.' पाटी विजयाबाईंनी स्वतः रंगवली होती आणि 'मोफत' जरा जास्तच मोठं झालं होतं. विजयाबाई कदम छत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात होत्या, त्यातली निम्मी तक्रारींच्या टेबलावर. घराण्यात पूर्वी तलवारी होत्या. यांच्या वाट्याला कानावरचा हेडफोन आला. घाबरलेला माणूस आधी भलतंच काहीतरी बोलतो, खोटं बोलणारा मध्ये श्वास घ्यायला विसरतो, हे त्यांना चेहरा न बघता कळायचं. निवृत्तीनंतर एका गोड आवाजाने शेजारच्या मंदाताईंची सगळी पुंजी वीस मिनिटांत नेली. मंदाताई रडल्या, विजयाबाई संतापल्या. ज्या तारा आपण जन्मभर राखल्या, त्यांच्यातूनच चोर घरात शिरला होता.

मग त्यांनी संस्था नोंदवली. एका कंपनीने दोन वर्षांसाठी देणगी दिली. दर्पण कॉलनीतली गरिमा, कॉम्प्युटर इंजिनियर, पगारावर आली. दुकानदारांचे फोन तपासायचे, बँकेकडे तक्रार लावून द्यायची, नवी फसवणूक निघाली की बाजाराला सावध करायचं, असं काम चाललं. दोन वर्षं सरत आली आणि कंपनीचं पत्र आलं. एप्रिलपासून त्यांचा भर वृक्षारोपणावर असणार होता.

विजयाबाई दारोदार फिरल्या. जो तो कॉम्प्युटर द्यायला तयार होता, वर आजोबांचं नाव कोरून.

"आहेत हो कॉम्प्युटर," त्या म्हणायच्या. "चालवणारीला पगार द्यायचाय."

"पगारावर नाव कुठे घालणार, बाई?"

नई सडकेवर कापडाचं मोठं दुकान असलेले संभाजीराव तर व्यापारी मंडळाचे अध्यक्ष. कोणाचे पैसे वाचले की ते लगेच विजयाबाईंचा सत्कार ठरवत. शाल त्यांच्याच दुकानातली. पगाराचा विषय निघाला की त्यांना गिऱ्हाईक दिसायचं. भांड्यांचे व्यापारी लक्ष्मीकांतराव निदान स्पष्ट बोलले, "माझ्या फोनमध्ये चोरण्यासारखं आहे काय? जपमाळेचे फोटो!"

इंदूरहून गरिमाला नोकरीचं बोलावणं आलं होतं. तिने ते कागद टेबलाच्या खणात ठेवले होते, आणि विजयाबाईंना ते ठाऊक आहे हेही तिला ठाऊक होतं. दोघी त्या खणाकडे बघत नसत.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी, सकाळी अकराच्या सुमारास, व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर लक्ष्मीकांतरावांच्या फोनवरून लग्नपत्रिका आली. त्यांच्या मुलीचं, सीमंतिनीचं लग्न ठरल्याचं सगळ्या बाजाराला माहीत होतं. आणि इथे पत्रिका न उघडणं म्हणजे घरी आलेल्या माणसाला उंबऱ्यातूनच परत पाठवणं. असला उद्धटपणा नई सडकेवर कोणी करत नाही. माणसं एकामागून एक पत्रिका उघडू लागली.

फक्त गरिमाने ती उघडली नाही. तिने फाइलचं नाव वाचलं आणि उठून उभी राहिली. "काकी, ये पत्रिका नहीं है. ॲप आहे. उघडलं की फोन त्यांच्या ताब्यात. बँकेचे सगळे मेसेज त्यांना दिसणार, आणि पुढे सगळ्यांना हीच पत्रिका जाणार."

"लक्ष्मीकांतरावांनी पाठवली ना?"

"त्यांना पता भी नहीं होगा. ग्रुपवर लिहू का?"

"ग्रुपवर चोरच बसलाय. तिथलं आता कोण खरं मानेल? आवाजाने सांगायचं."

विजयाबाईंनी वही काढली. दोनशे बारा दुकानं, गल्लीवार लिहिलेली. तक्रारींच्या टेबलावरची जुनी सवय. गरिमा या वहीला दोन वर्षं हसत आली होती. आज तिने निमूट निम्मी पानं घेतली. "इंटरनेट बंद करा. हो, आत्ता. पत्रिका नाहीये ती. बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवा." हेच, पुन्हा, पुन्हा. पण दोन तोंडं आणि दोनशे बारा दुकानं. अर्धी माणसं गिऱ्हाइकांत, फोन उचलायला तयार नाहीत.

विजयाबाईंनी क्षणभर डोळे मिटले. मग बाजाराचा चौकीदार राघव याला फोन लावला. तो रात्रपाळी करून झोपला होता.

"राघव, शिट्टी घे आणि नई सडकेवर ये."

"बाई, दिन में?"

"दिवसाच चोर आलाय."

भर दुपारी बारा वाजता चौकीदाराची शिट्टी वाजली, तेव्हा अख्खी नई सडक ओट्यांवर आली. ही शिट्टी सगळ्यांनी ऐकलेली होती ती अंथरुणातून, अर्धवट झोपेत. उन्हात ती ऐकून माणसं हातातला कापड मोजायचा गज तसाच धरून बाहेर धावली. राघव बनियनवरच पळत होता, शिट्टी मारत होता आणि ओरडत होता, "पत्रिका मत खोलो! फोन का नेट बंद करो!"

चार वाजेपर्यंत वहीतल्या सगळ्या नावांपुढे खुणा झाल्या. दोघांच्या खात्यांतून रक्कम निघाली होती. बँकेने ती वाटेतच अडवली. बाकी कोणाचा रुपयाही गेला नाही. लक्ष्मीकांतराव खोलीत येऊन बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "माझ्या पोरीच्या नावाने हो, बाई. माझ्याच फोनवरून."

रविवारी अर्थातच सत्कार ठरला. सभागृह भरलं. संभाजीरावांनी बाईंची तुलना रणरागिणीशी केली आणि शाल उलगडली. ही मात्र खरोखर भारी होती, जरीकाठी.

विजयाबाईंनी हात जोडले. "ही बारावी. नको."

टाळ्या अर्ध्यावर थांबल्या.

"राघवला तुम्ही महिन्याला प्रत्येकी पन्नास रुपये देता. चोर आला म्हणून नाही. येऊ नये म्हणून. चोर आला नाही तर पैसे परत मागता का?"

"वो तो चौकीदार है," मागून कोणीतरी बोललं.

"मग मी कोण आहे?"

हशा पिकला. संभाजीराव शाल तशीच धरून उभे होते.

"पण बाई," त्यांनी विचारलं, "जो देणार नाही त्याचंही तुम्ही राखणारच ना? मग बाकीच्यांनी का द्यावं?"

"राघव देणाऱ्याच्याच दुकानापुढे शिट्टी वाजवतो का? वाजली की सगळ्या गल्लीला ऐकू येते. आणि एकाचं दार उघडं राहिलं तर चोर शेजारच्या भिंतीवरून जातो. गुरुवारी तो कुठून आला, मी नाव घेणार नाही."

"घ्या की!" लक्ष्मीकांतराव तिसऱ्या रांगेत उभे राहिले. "माझ्या दारातून आला. सगळ्या बाजाराने माझा मान राखायला पत्रिका उघडली. राघव, या महिन्यापासून माझे शंभर घे. पन्नास तुझ्या शिट्टीचे, पन्नास बाईंच्या."

त्यांच्या मागे हात वर होऊ लागले. एक, चार, मग मोजता येईनात. पाच वर्षांचा ठराव तिथेच झाला : शिट्टीची वर्गणी आणि फोनची वर्गणी एकत्र, राघवच्याच हाताने, आणि ज्याला जमणार नाही, त्याचंही राखायचं.

"आणि या शालीचं काय करू?" संभाजीराव पुटपुटले.

"किंमत किती हिची?"

"अठराशे."

"दुकानात ठेवा. दर महिन्याला तेवढे द्या. बारा महिने माझा सत्कार होत राहील."

संभाजीराव आधी ओशाळले, मग मोठ्याने हसले, आणि शाल घडी करून बगलेत मारली. तेवढे पैसे मात्र त्यांनी दर महिन्याला दिले.

एक एप्रिलला सकाळी राघव कापडी पिशवी घेऊन खोलीत आला. गरिमाने टेबलाचा खण उघडला, इंदूरचे कागद काढले, उलटे केले आणि कोऱ्या बाजूवर नव्या दुकानांची नावं लिहायला घेतली. विजयाबाईंनी ते पाहिलं आणि आपली वही तिच्याकडे सरकवली. फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला आणि नेहमीसारखी आधी समोरच्याच्या श्वासाची चाहूल घेतली.

"बोला," त्या म्हणाल्या. "घाबरू नका. आम्ही आहोत."