लक्समीटरची पूजा

आमच्या घरात सगळं मोजूनमापून होतं, फक्त चुका तेवढ्या अंदाजाने होतात.

मी निघोज्याजवळच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या मालात खोट काढायची आणि त्याबद्दल पगार घ्यायचा, असं ते काम. सुटताना ही सवय गेटवर जमा करून यायला हवं, पण मी ती घरी आणतो. चपातीची जाडी मी व्हर्नियरने एकदाच मोजली आहे. (एकदाच, कारण पुढचा आठवडाभर चपात्या मी लाटल्या.)

माझी बायको मेधा वेंगुर्ल्याची. लग्न होऊन संत तुकाराम नगरात आली, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी तिने विचारलं, "इथे पाणी बघायला कुठे जातात?" मी तिला पवना नदी दाखवली. ती बघून मेधा लगेच घराकडे वळली. पुढे तिने हॉलच्या कोपऱ्यात खाऱ्या पाण्याची एक छोटी काचेची टाकी मांडली. त्यात एक नारिंगी मासा आणि एक प्रवाळ. प्रवाळाचा तो तुकडा तिच्या दीपा नावाच्या मैत्रिणीने स्वतःच्या टाकीतून काढून दिला होता. (टाकीतच वाढवलेला, समुद्रातून ओरबाडलेला नव्हे, हे मेधा पाहुण्यांना चहाच्या आधी सांगते.) नंतर दीपाने टाकी मोडली आणि ती चेन्नईला गेली. म्हणजे आमचा तुकडा गेला तर तसा दुसरा मिळणार नव्हता. जांभळट रंगाचं, मऊ बोटांचं ते प्रवाळ सकाळी ट्यूब लागली की हळूहळू उघडायचं, आणि मेधा कप घेऊन त्याच्यासमोर बसायची. ती अर्धी घटका ती माहेरी असायची, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

भानगड सुरू झाली दीपाच्या फोनवरून. ती स्पीकरवर म्हणाली, "अगं, प्रवाळाचं निम्मं जेवण म्हणजे उजेड. ट्यूब जुनी झाली की मंद होत जाते आणि डोळ्याला कळतही नाही. मोजून बघ कधीतरी."

मोजून बघ! मी आतल्या खोलीत दाढी करत होतो, तो साबणासकट बाहेर आलो.

चारच दिवसांत घरी लक्समीटर आला. लक्समीटर म्हणजे उजेड मोजायचं यंत्र. एका वायरीच्या टोकाला छोटा पांढरा घुमट असतो, तो उजेडात धरायचा आणि पडद्यावरचा आकडा वाचायचा. मी पाण्याच्या वर घुमट धरला. उजेड अगदी दीपाने फोनवर सांगितलेल्या आकड्याएवढा. "पास," मी जाहीर केलं. मेधा म्हणाली, "ते उघडलंय की छान. मला दिसत होतं." तिच्या या अशास्त्रीय बोलण्याकडे मी दुर्लक्ष केलं.

मग आली खंडेनवमी. माझे वडील, अण्णा, आकुर्डीला टर्नर होते. निवृत्त झाले तरी खंडेनवमीला घरातलं प्रत्येक हत्यार पाटावर येतं. पक्कड, स्क्रूड्रायव्हर, हातोडी, मिक्सर, माझी मोटरसायकल (ती पाटावर नाही, पाट तिच्याजवळ). मी म्हटलं, "अण्णा, लक्समीटर ठेवू?"

"आरं, ठेव की. तुझ्या पोटापाण्याचं हत्यार हाय ते."

सगळ्यांना गंध मी लावलं, कारण अण्णांचा हात थरथरतो. लक्समीटरला लावायचं कुठे, हा प्रश्न पडला. बटणांवर लावलं तर आत जाईल, पडद्यावर लावलं तर आकडा दिसणार नाही. तो पांढरा घुमट मात्र असा गुळगुळीत, कोरा कपाळासारखा समोर आला. मी त्यावर ठसठशीत गंध रेखलं, वर हळदकुंकू वाहिलं, एक फूल ठेवलं आणि हात जोडले.

दसरा झाला आणि मेधा वेंगुर्ल्याला भाचीच्या बारशाला गेली. निघताना टाकीसमोर थांबून म्हणाली, "अहो, एवढं सांभाळा हं. बाकी घर कसंही ठेवा." मला ते फार लागलं. मी क्वालिटीचा माणूस, मला काय सांगायचं?

दुसऱ्या दिवशी कर्तव्यबुद्धीने उजेड मोजला. जेमतेम पावपट!

"अण्णा, ट्यूब गेली."

"पेटलीय की."

"डोळ्याला कळत नाही, अण्णा. यंत्राला कळतं."

पिंपरीतून नव्या ट्यूब आणल्या. मोजलं. उजेड जेमतेम वाढला. दुकानदाराला मालात खोट असल्याचं सुनावलं, त्याने बिचाऱ्याने बदलून दिल्या. त्याही नापास. मग मी सुधारणा हाती घेतली. ट्यूब पाण्याच्या जवळ आणल्या. बाजूने चपात्या गुंडाळायची चंदेरी फॉइल लावली. तरी आकडा पुरेना, म्हणून शेजारी दुसरी पट्टी टांगली, त्यात आणखी दोन ट्यूब. पाणी तापायला लागलं, म्हणून अण्णांच्या उशाचा टेबलफॅन टाकीकडे वळवला. अण्णा टोपी पुढे ओढून पेपर वाचायला लागले.

समोरच्या गॅलरीतून कदमकाकूंनी हाक मारली, "काय हो, घरात वेल्डिंगचं काम घेतलंय का?"

"नाही काकू, प्रवाळ आहे."

"बरं बरं," काकू म्हणाल्या आणि त्यांनी पडदा ओढून घेतला. सोसायटीत संध्याकाळपर्यंत बातमी गेली की मेधा माहेरी गेल्यापासून माझं काही खरं नाही.

प्रवाळ मात्र मिटत चाललं. बोटं आखडली, जांभळा रंग उतरून फिकट झाला. मासा दगडामागे गेला तो खाण्यापुरता बाहेर यायचा. अण्णा टाकीशी वाकून म्हणाले, "ह्याला सोसंना व्हय रं एवढा उजेड?"

"उलट अण्णा, उपासमार आहे त्याची. बघा, आकडा अजून कमीच आहे." आणि मी अभ्यासाचा दिवाही आणून जोडला.

खरं सांगतो, तेव्हा मला भीती वाटायला लागली होती. मेधाचा रोज फोन यायचा आणि मी रोज "झकास" म्हणायचो. कंपनीत दुसऱ्यांचे पार्ट तपासताना डोळ्यांसमोर ती आखडलेली बोटं यायची. जगातल्या सगळ्या समुद्रातला तिच्या वाट्याला आलेला एवढासा तुकडा, आणि तो माझ्या हातून चालला होता.

रविवारी तिने व्हिडिओ कॉल केला. "दाखवा बघू माझं बाळ."

मी फोन टाकीकडे वळवला. पडदा नुसता पांढरा.

"अहो, सूर्य कशाला दाखवताय?"

मग सांगावंच लागलं. नव्या ट्यूब, फॉइल, टेबलफॅन, सगळं. ऐकून घेऊन ती म्हणाली, "पण आधी उजेड बरोबर होता ना? मग अचानक पावपट कसा झाला? तुमचा मीटर बिघडला असेल."

मला तो अपमान वाटला. "मीटर? कोरा करकरीत आहे. हे बघ," म्हणत मी तो घुमट कॅमेऱ्यासमोर धरला.

तिने फोन अगदी डोळ्यांजवळ नेला.

"अहो," ती अगदी हळू म्हणाली, "त्याच्यावर ते लाल काय आहे?"

"गंध. खंडेनवमीचं."

"उजेड कुठून आत जातो त्याच्या?"

मी घुमटाकडे बघितलं. गंध चांगलं वाळून घट्ट बसलं होतं, पाऊण घुमट झाकून. रोज तो हातात घेत होतो, पण पूजेचं गंध आपण होऊन पुसायचं नसतं, म्हणून त्याला जपून धरत होतो. आणि आमच्या कंपनीत दरवर्षी खंडेनवमीला सगळ्या लाइनवर फिरून "मोजायच्या जागी गंध लावू नका रे" असं बजावणारा माणूस कोण? मीच.

रागावली की मेधा मालवणीवर येते. "ह्या काय करून ठेवलात वो तुम्ही?" एवढंच तिला बोलता आलं, आणि मागे सगळं बारशाचं घर हसायला लागलं. ती मात्र हसत नव्हती. रडवेल्या आवाजात तिने एकेक गोष्ट सांगितली आणि मी मुकाट्याने करत गेलो. जादा पट्टी काढली, अभ्यासाचा दिवा काढला, फॉइल काढली. ट्यूब आधी होत्या तेवढ्या उंच टांगल्या. प्रवाळाला थोडे दिवस सावली म्हणून टाकीवर मच्छरदाणीचा तुकडा पसरला. अण्णांनी घुमटाला हात जोडून माफी मागितली आणि मग मी तो ओल्या फडक्याने पुसला. आकडा टुणकन वर गेला. त्याआधी माझ्यामुळे त्या प्रवाळाने किती ऊन सोसलं असेल, ते मोजायची मला हिंमत झाली नाही.

मेधा दिवाळीच्या तोंडावर परत आली. चप्पल न काढता तशीच टाकीसमोर जाऊन बसली. प्रवाळाची एक बाजू अजून फिकटच होती, पण दुसऱ्या बाजूची बोटं उघडून पाण्यात हलत होती. मी मागे उभा होतो. इतका घाबरून मी ऑडिटलाही कधी उभा राहिलो नव्हतो.

काचेवर बोट टेकवून ती म्हणाली, "जगेल."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अण्णांनी ते बघितलं आणि टेबलफॅन उचलून आपल्या खोलीत नेला.

थंडीत तिला पुन्हा वेंगुर्ल्याला जायचं होतं. पिशव्या भरताना तिने व्यवस्था सांगितली. ट्यूब टायमरवर लावली आहे, आपोआप लागेल, आपोआप विझेल. माशाला खाणं अण्णा घालतील. कमी झालेलं पाणी कदमकाकू येऊन भरतील.

"आणि मी काय करू?" मी विचारलं.

तिने पिशवीची चेन लावली, माझ्याकडे प्रेमाने बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही ना, ओव्हरटाइम मिळाला तर नाही म्हणू नका."

मी तो मागून घेतला. ती परत आली तेव्हा प्रवाळाला दोन नवी बोटं फुटली होती.