चालू की बंद

बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात एकतीस वर्षं फिटर असलेल्या माणसाला सगळं गाव चालूकाका म्हणायचं. लबाड म्हणून नव्हे. त्या बाबतीत तो अगदीच कच्चा होता. नाव पडलं ते त्याच्या ठरलेल्या उत्तरामुळे. मशीन कसं आहे, असं कुणीही विचारलं की तो म्हणायचा, "चालू आहे." कॉम्प्रेसरचे नटबोल्ट फडक्यावर मांडलेले असायचे, पिस्टन त्याच्या मांडीवर असायचा, तरी उत्तर तेच. त्याला कारण होतं. 'बंद' हा शब्द फाटकाबाहेर पडला की तासाभरात धक्क्यावर पोचायचा, आणि बोटी मासळी घेऊन परस्पर पलीकडच्या मोठ्या बंदराला लागायच्या. म्हणून तो आधी चालू म्हणायचा आणि मग संध्याकाळपर्यंत घाम गाळून आपला शब्द खरा करायचा. पुढे ही सवय इतकी अंगवळणी पडली की एकशे दोन ताप असतानाही बायकोने विचारलं, तर पांघरुणातून आवाज यायचा, "चालू आहे." बायको कपाळावर हात मारायची. स्वतःच्या.

त्या वर्षी सोळा दिवसांच्या अंतराने दोन चक्रीवादळं आली. पहिल्याने छपरं नेली. लोकांनी पत्रे गोळा करून ठोकले न ठोकले, तोच दुसऱ्याने समुद्र घरात आणून सोडला. कारखान्यात कमरेइतकं खारं पाणी शिरलं, कॉम्प्रेसरची मोटार बुडाली आणि बाहेरचा ट्रान्सफॉर्मर खांबांसकट आडवा झाला.

गाव तसं चिवट होतं. दोन महिन्यांत बोटींना नव्या फळ्या बसल्या, जाळी आली, डिझेलचा पंपही उघडला. नव्हता तो फक्त बर्फ. बर्फ नाही म्हणून बोट चार दिवसांच्या फेरीला जाईना, बोट जाईना म्हणून कोळंबी सोलायची शेड उघडेना, आणि शेड उघडेना म्हणून खोकी बनवणाऱ्यापासून गमबूट विकणाऱ्यापर्यंत सगळे माश्या मारत बसलेले. चालूकाकाची बायको त्या शेडमध्ये मुकादम होती. तिच्या हाताखालच्या चाळीस बायका रोज सकाळी सवयीने शेडच्या पायरीवर येऊन बसायच्या आणि उन्हं चढली की उठून घरी जायच्या.

मग सरकारी पाहणी आली. जो कारखाना वादळाने बंद पडला, त्याला आधी वीज आणि नवी मोटार, असा नियम होता. पाहणीच्या मॅडम तरुण होत्या, त्यांना दिवसाला पन्नास ठिकाणं उरकायची होती. त्या आल्या तेव्हा चालूकाका कुणाचा तरी छोटा जनरेटर मागून आणून, मोटारीच्या पोटात दोन बल्ब पेटवून तिचं वायंडिंग, म्हणजे आतली तारेची वेटोळी, वाळवत होता. मॅडमनी दारातूनच विचारलं,

"काका, कारखाना चालू की बंद?"

"चालू आहे," तो मान वर न करता म्हणाला.

आत उजेड दिसत होता, जनरेटर घरघरत होता. मॅडमनी कागदावर खूण केली आणि त्या पुढच्या दाराला गेल्या.

पंधरा दिवसांनी बंदर कार्यालयाच्या भिंतीवर यादी लागली. बायकोने ती इतर बायकांसोबत उभं राहूनच वाचली. बर्फ कारखाना, स्थिती: चालू. मागून एकजण म्हणाली, "मुकादमबाई, तुमचे हे आज खरेच चालू निघाले की." दोघीतिघी हसल्या. बायको हसली नाही.

घरी येऊन तिने चप्पलही काढली नाही. "अहो, काय सांगितलंत तुम्ही त्या मॅडमना?"

त्याने आठवून पाहिलं. आठवायला वेळ लागला नाही, बोलायला मात्र वेळ लागला. "तोंडातून गेलं गं."

"मग आता तोंडानेच परत घ्या. हरकत नोंदवायला शुक्रवारपर्यंत मुदत आहे."

"आठ दिवस दे मला. मोटार वाळत आलीय. मीच चालू करतो."

"आणि ती फिरवायला वीज कुठून आणणार? फुंकर मारून?" ती खाली बसली. "बोटवाल्यांचं ठरलंय. सोमवारी सगळे पलीकडच्या बंदराला जाणार, तिथेच मासळी उतरवणार. एकदा व्यापारी तिकडे बसले की इकडे कुणी फिरकायचं नाही. तुम्ही नुसता एक शब्द बोलायचाय."

तो शब्द त्याला येत नव्हता असं नाही. पण तो बोलायचा म्हणजे एकतीस वर्षं ज्याच्या भरवशावर धक्का उभा होता, तो माणूस हरला असं चारचौघांत सांगायचं. हे त्याने बायकोलाही सांगितलं नाही. बायकोला ते सांगायची गरज नव्हती.

गुरुवारी तो दाढी करून मॅडमकडे गेला. मॅडम वैतागल्या, आणि त्यांचं चूक नव्हतं. "काका, तुम्हीच तर सांगितलंत ना? आता मला पुन्हा येऊन पाहावं लागणार."

शुक्रवारी सकाळी त्या आल्या. बातमी अर्थातच आधीच पोचली होती. फाटकात शेडच्या बायका होत्या, हाताची घडी घालून बोटवाले उभे होते. बर्फाच्या रिकाम्या डब्यांच्या रांगांना गंज चढला होता. मॅडमनी पेनचं टोपण काढलं.

"कारखाना चालू की बंद?"

चालूकाकाने एकदा मशीनकडे पाहिलं. बायको खाली बघत होती.

"बंद," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"दुसऱ्या वादळाच्या दिवसापासून. सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटं." मॅडम लिहायच्या थांबल्या, म्हणून त्याला पुढे बोलावं लागलं. "पाणी मोटारीपर्यंत आलं होतं. ती चालू राहिली असती तर अमोनियाची लाइन फुटून तो विषारी गॅस वस्तीत गेला असता. मीच खटका ओढला. मीच बंद केलं."

वस्ती म्हणजे फाटकात उभी असलेलीच माणसं होती, आणि त्यांना हे आजवर ठाऊक नव्हतं. मॅडमनी खूण खोडली, बाजूला सही केली. बोटवाल्यांतला सगळ्यांत थोरला फक्त एवढंच म्हणाला, "सोमवारचं थांबवू या मग."

ट्रान्सफॉर्मर यायला तीन आठवडे लागले, मोटार बसवायला पाच दिवस. पहिली लादी डब्यातून निघाली ती जरा गढूळ होती. दुसरीतून पलीकडचा हात दिसत होता. दुपारी अकरा बोटी बर्फ भरून गेल्या आणि शेडच्या बायका फरशी धुवायला लागल्या.

तो घरी आला तेव्हा बायको दारातच गमबूट पुसत होती. तिने वर न बघता, सवयीने विचारलं, "काय, चालू का?"

"मशीन चालू आहे," तो म्हणाला, आणि पायरीवर तिच्याशेजारी बसला. "मी फार दमलोय गं."

तिचा हात थांबला. एकतीस वर्षांत हे वाक्य तिने त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं होतं. तिने गमबूट बाजूला ठेवला आणि त्याला टेकायला जागा केली.